लग्नाचा पुरावा आणि मजुराची भरपाई: चेंबूरच्या कामगारवस्त्यांचा एक इतिहास

चेंबूरचा औद्योगिक इतिहास मुंबईच्या कचऱ्यापासून सुरू होतो. १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग टाकण्यात आला, त्याचा मूळ उद्देश शहरातला केरकचरा वाघिणींत भरून पूर्वेकडच्या खाजणात नेऊन टाकणे हा होता. त्या मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या त्या १९२४ साली, आणि १९२७ साली तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर असलेल्या देवनारला महापालिकेचे क्षेपणभूमीचे काम सुरू झाले. वाघिणी भरणारे व रिकाम्या करणारे, खाजण बुजवणारे, गटारे उपसणारे मजूर हे या भागातले पहिले औद्योगिक कामगार होत. स्वातंत्र्यानंतर १९५४ आणि १९५५ साली स्टॅनव्हॅक व बर्मा-शेल या कंपन्यांचे तेलशुद्धीकरण कारखाने माहुल-तुर्भे परिसरात उभे राहिले, १९५६ साली टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, त्याच वर्षी तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली, साठच्या दशकात खताचा कारखाना आणि १९७१ साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. या सर्व ठिकाणी कायम कामगारांच्या बरोबरीने, आणि अनेकदा त्यांच्याहून मोठ्या संख्येने, मुकादमाच्या किंवा कंत्राटदाराच्या हाताखालचे लोक राबत आले. साताऱ्या-कोल्हापुराकडून, कोकणातून, १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, तसेच तमिळ मुलुखातून व उत्तरेकडून आलेल्या या माणसांची वस्ती लोखंडे मार्ग, घाटला, सिद्धार्थ कॉलनी, गोवंडी, मानखुर्द, चीता कॅम्प अशी पसरत गेली.

अशा वस्तीत कामावर मृत्यू झाला की दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. मालकाने किती पैसे द्यावेत हा त्यांपैकी पहिला, आणि त्याचे उत्तर कायद्यातल्या कोष्टकाने मिळते. ते पैसे कोणाच्या हातात पडावेत हा दुसरा, आणि त्याच्यासाठी कोष्टक नाही. मृत मजुराबरोबर दहा-पंधरा वर्षे संसार केलेल्या, त्याच्या मजुरीवर चूल चालवलेल्या, पण लग्नाचा कागद किंवा कायद्याला मान्य होईल असा विधी दाखवू न शकणाऱ्या स्त्रीचे स्थान काय, हा त्या दुसऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याची चर्चा 'कॉमन लॉ मॅरेज' या नावाने होते. विधी वा नोंदणी न करता, पती-पत्नी म्हणून एकत्र राहण्याने आणि चारचौघांत तसे ओळखले जाण्याने सिद्ध होणारा विवाह, असा त्या संज्ञेचा अर्थ आहे. इंग्लंडने १७५३ च्या लॉर्ड हार्डविक यांच्या कायद्याने अनौपचारिक विवाहाची वाट बंद केली. अमेरिकेतल्या काही राज्यांत ती आजही उघडी आहे, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्याने ती २००५ पासून पुढच्या जोडप्यांसाठी बंद केली. भारतीय कायद्याला या नावाचा विवाह ठाऊक नाही. मात्र त्याच्या जवळ जाणाऱ्या दोन गोष्टी त्याला चांगल्या परिचित आहेत, आणि चेंबूरसारख्या वस्तीतल्या विधवेचे भवितव्य त्या दोहोंच्या आधारानेच ठरत आले आहे. एक म्हणजे जातीजातींची विवाहरूढी, आणि दुसरी म्हणजे दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे मानण्याचे पुराव्याच्या कायद्यातले गृहीतक.

भरपाईचा कायदा आधी पाहिला पाहिजे. कामावर मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला दावा करू देणारा पहिला भारतीय कायदा १८५५ चा. तो प्राणघातक अपघातांविषयीचा होता आणि इंग्लंडमधल्या १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता. पत्नी, पती, आईबाप आणि मुले यांच्यासाठी दावा करण्याची सोय त्यात होती, पण मालकाची चूक किंवा हयगय सिद्ध करावी लागे, दिवाणी न्यायालयात वकील द्यावा लागे, आणि मजुराच्या विधवेला ते परवडणारे नव्हते. चूक कोणाची हा प्रश्नच बाजूला ठेवून, कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली एवढ्यावर भरपाई देण्याचे तत्त्व जर्मनीने १८८४ साली आणि इंग्लंडने १८९७ साली स्वीकारले. ते भारतात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाले. मुंबईतली कामगार चळवळ तेव्हा आकार घेत होती. १९२० साली आयटक ही देशव्यापी कामगार संघटना स्थापन झाली होती, १९२१ साली मुंबई सरकारचे कामगार कार्यालय सुरू होऊन 'लेबर गॅझेट' निघू लागले होते, आणि ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसत होते. मूळ कायद्यात प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन किंवा २,५०० रुपये यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होती, म्हणजे दरमहा २५ रुपये मिळवणाऱ्या बिगाऱ्याच्या घरी ७५० रुपये येत. अल्पवयीन कामगाराच्या जिवाची किंमत सरसकट २०० रुपये धरली होती.

या आकड्यांहून महत्त्वाची होती ती त्या कायद्याची एक योजना, जिचे पुरेसे कौतुक झालेले नाही. मृत्यूच्या भरपाईचे पैसे मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात ठेवून पावतीवर अंगठा घ्यायचा नाही, ते आयुक्ताकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायिक अधिकाऱ्याकडे, जमा करायचे. आगाऊ दिलेल्या ठरावीक रकमेपलीकडे परस्पर केलेला व्यवहार कायद्याच्या हिशेबात धरायचा नाही. आणि आयुक्ताने मृताच्या मागे राहिलेल्यांना नोटीस देऊन, चौकशी करून, आपल्याला योग्य वाटेल त्या प्रमाणात ती रक्कम त्यांच्यात वाटायची. स्त्री किंवा अज्ञान मूल यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवण्याचा अधिकारही त्याला मिळाला. कंत्राटदाराचा माणूस मेला तर ज्याच्या धंद्यासाठी ते काम चालले होते त्या मूळ मालकाला जबाबदार धरण्याची तरतूदही पहिल्यापासून होती, आणि चेंबूरच्या कंत्राटी मजुरासाठी ती फार मोलाची ठरली. थोडक्यात, कायद्याने रक्तामांसाच्या, रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराची कल्पना केली होती आणि त्या घरात पैसा पोहोचावा म्हणून मध्ये एक जबाबदार माणूस बसवला होता. ज्यांच्यात वाटायचे त्यांची यादी मात्र नात्यांची होती. पुढच्या दुरुस्त्यांनी ती यादी श्रेणीबद्ध झाली. पहिल्या श्रेणीत विधवा, औरस अज्ञान मुलगा, औरस अविवाहित मुलगी आणि विधवा आई आले, व त्यांना आपण मृताच्या कमाईवर अवलंबून होतो हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. विधुर, वडील, अज्ञान भाऊ, अनौरस मुले वगैरेंना ती सिद्धता करावी लागते. एकत्र राहिलेली पण विवाह सिद्ध न झालेली स्त्री यांपैकी कोणत्याच श्रेणीत बसत नाही. तिने किती वर्षे त्याच्या कमाईवर घर चालवले याचे दाखले दिले तरी त्यांना जागाच नाही, कारण अवलंबून असण्याचा प्रश्न नाते मान्य झाल्यावरच येतो.

विवाह मान्य होतो कशाने, हे पाहताना महाराष्ट्रातल्या श्रमिक जातींच्या रूढीकडे वळावे लागते. या जातींत पहिला विवाह तो 'लग्न' आणि विधवेचा किंवा सोडचिठ्ठी झालेल्या स्त्रीचा पुनर्विवाह तो 'पाट' किंवा 'मोहतूर', असा भेद शतकानुशतके चालत आला. ऑर्थर स्टील यांनी १८२७ साली दख्खनमधल्या जातींच्या रूढींचे जे संकलन प्रसिद्ध केले त्यातही पाटाची दखल आहे, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांनी व एंथोव्हेन यांच्या ग्रंथाने तिचे तपशील नोंदवले. पाट रात्री लागे, मोजक्या माणसांत लागे, सवाष्णींना तिथे सहसा स्थान नसे, वाजंत्री आणि मिरवणूक नसे. नवराबायकोचे पटेनासे झाले तर जातीच्या पंचांसमोर काडीमोड होई आणि स्त्री पाट लावायला मोकळी होई. विधवेला सती किंवा केशवपन यांच्या छायेत कोंडणाऱ्या उच्चवर्णीय प्रथेच्या तुलनेत ही व्यवस्था स्त्रीला कितीतरी अधिक माणूसपण देणारी होती. परंतु तिचा एक परिणाम न्यायालयात जाणवला: जो विधी मुद्दाम रात्री आणि थोड्या लोकांत करायचा, त्याचे साक्षीदार थोडे, त्याची पत्रिका नाही, फोटो नाही, पुरोहिताची वही नाही.

इंग्रजी न्यायालयांनीही या रूढीशी सरळ व्यवहार केला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ साली आणि पुन्हा १८७६ साली असे ठरवले की नवरा हयात असताना त्याच्या संमतीवाचून स्त्रीला दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडू देणारी रूढी, किंवा पंचांनी परस्पर विवाह मोडून पुनर्विवाहाची दिलेली परवानगी, न्यायालय मानणार नाही. जिथे रूढी जुनी, निश्चित आणि नीतिबाह्य नसलेली अशी सिद्ध झाली तिथे तिला पुढे मान्यता मिळत राहिली, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सातव्या कलमात दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीनुसार झालेला विवाह व एकोणतिसाव्या कलमात रूढीचा घटस्फोट जपून ठेवला. मात्र ती रूढी प्रत्येक खटल्यात साक्षीपुराव्याने सिद्ध करण्याचा भार तिच्यावर विसंबणाऱ्यावर पडला. गावातल्या पंचांपुढे झालेली काडीमोड चेंबूरच्या झोपडीतल्या बाईने वीस वर्षांनी आयुक्तापुढे कशी सिद्ध करावी? पंच वारलेले, गाव सुटलेले, आणि काडीमोड सिद्ध झाली नाही तर तिचा पाट म्हणजे पहिला नवरा जिवंत असताना केलेला अवैध विवाह ठरलेला. रूढीला मान देणारा कायदा आणि त्या रूढीवर जगणारी बाई यांच्यामध्ये हा पुराव्याचा खंदक सतत राहिला.

पुरुषाच्या बाजूनेही एक मोठा बदल १९४६ साली झाला. तोपर्यंत हिंदू पुरुषाला एकापेक्षा अधिक बायका करता येत, आणि मुंबईच्या कामगारवस्तीत गावची बायको शेती व म्हातारे सांभाळते आणि मुंबईची बायको कामावर जाणाऱ्याचे घर सांभाळते हे दृश्य अपवादात्मक नव्हते. अशा माणसाच्या मृत्यूनंतर दोघींचीही लग्ने वैध असत, दोघीही कायद्याने विधवा ठरत आणि त्यांच्यात भरपाई वाटता येई. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायदा करून दुसरा विवाह अवैध व दंडनीय ठरवला. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५१ साली तो घटनेशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला. आणि १९५५ च्या कायद्याने एकपत्नीत्वाचा नियम देशभरच्या हिंदूंना, आणि त्याच कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या बौद्ध, जैन व शिखांना लागू केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी जो झगडा दिला आणि ज्याच्या रखडण्याने १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यातले हे एक मध्यवर्ती कलम होते, आणि स्त्रियांच्या दृष्टीने ती निःसंशय प्रगती होती. पण सुधारणेची किंमत तिच्या काठावरच्या माणसांना भरावी लागते असे इतिहासात वारंवार दिसते. ज्या पुरुषाने कायदा मोडला त्याला शिक्षा क्वचितच झाली. दुसऱ्या बाईचे विवाहितपण मात्र त्या दिवसापासून संपूर्ण पुसले गेले, मग पहिल्या लग्नाची गोष्ट तिच्यापासून लपवलेली असो वा नसो. चीता कॅम्पमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विस्तारासाठी १९७६ साली जनता कॉलनी हलवून वसवलेल्या वस्तीत, एखाद्या मुस्लिम कामगाराच्या दोन बायकांना विधवा म्हणून दोघींना वाटा मिळू शकतो, आणि शेजारच्याच गल्लीतल्या हिंदू किंवा बौद्ध कामगाराच्या दुसऱ्या बाईला काहीच मिळू शकत नाही, ही विषमता त्या नियमाचीच उपज आहे.

फौजदारी न्यायालयात हाच नियम पुरुषाला सोडवणाराही ठरला. १९६५ साली महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की द्विभार्येच्या गुन्ह्यासाठी दुसरा विवाह आवश्यक त्या सर्व विधींसह झालेला असला पाहिजे. आरोपीने गांधर्व पद्धतीने म्हणून जो विधी रात्री केला होता त्यात होम किंवा सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही आणि त्या विधींना फाटा देणारी रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून गुन्हा घडला नाही. म्हणजे विधी अपुरा ठेवणारा पुरुष सुटला, आणि त्याच अपुऱ्या विधीमुळे त्याच्या मागे राहणाऱ्या बाईला पत्नीपण नाकारण्याचा आधारही तयार झाला. पुराव्याच्या कायद्याचे पन्नासावे कलम, जे कुटुंबाला जवळून ओळखणाऱ्यांच्या वागणुकीवरून नात्याविषयीचे मत ग्राह्य धरते, तेही द्विभार्येच्या खटल्यात विवाह सिद्ध करायला पुरत नाही असे त्याच कलमात लिहिलेले होते.

दिवाणी बाजूला आणि भरपाईच्या दाव्यात मात्र हे कलम व त्याचे भावंड, कलम ११४, उपयोगी पडत आले. नित्यक्रमात जे घडते ते घडले असे मानण्याची मुभा कलम ११४ देते, आणि त्याच धर्तीवर प्रिव्ही कौन्सिलने १९२७ साली सिलोनमधून आलेल्या व १९२९ साली भारतातून आलेल्या अपिलांत असा दंडक घालून दिला की स्त्री-पुरुष अनेक वर्षे अखंड एकत्र राहिले असतील तर कायदा विवाहाच्या बाजूने गृहीतक धरतो, आणि ते रखेलीचे नाते होते असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध केले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हे गृहीतक खोडता येण्याजोगे असल्याचे स्पष्ट केले, १९७८ साली सुमारे पन्नास वर्षांच्या सहवासाला त्याचा पूर्ण लाभ दिला, आणि पुढच्या काळात ते वारंवार दृढ केले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ही कलमे नव्या क्रमांकांनी कायम आहेत. भारतीय कायद्यातला 'कॉमन लॉ मॅरेज'शी सर्वांत जवळचा नातेवाईक तो हाच. फरक एवढा की अमेरिकेतल्या त्या राज्यांत एकत्र राहणे व तसे ओळखले जाणे हाच विवाह ठरतो, आणि इथे ते कधीतरी झालेल्या विवाहाचे चिन्ह मानले जाते. त्यामुळे पहिली बायको पुढे येऊन आपले लग्न सिद्ध करते त्या क्षणी हे गृहीतक निकामी होते, कारण झाला असला तरी तो दुसरा विवाह अवैधच असणार.

चेंबूरच्या इतिहासात या गृहीतकाला एक अनपेक्षित आधार मिळाला तो सरकारी कागदांचा. विवाहनोंदणी करणे मुंबई प्रांताच्या १९५३ च्या कायद्यापासून शक्य होते, महाराष्ट्राने १९९८ च्या कायद्याने ती नव्याने बांधली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली देशभर सक्तीच्या नोंदणीचे निर्देश दिले, तरी मजूरवस्तीत नोंदणीचा दाखला असलेली लग्ने थोडीच होती. उलट झोपडपट्टीच्या १९७६ च्या गणनेनंतर मिळालेला फोटोपास, शिधापत्रिका, मतदारयादी, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरची आईवडिलांची नावे, महापालिकेच्या प्रसूतिगृहातली नोंद, हे कागद जवळजवळ प्रत्येक घरात होते. मूळ उद्देशाने त्यांचा विवाहाशी काही संबंध नव्हता. धान्य, मत आणि पाडापाडीपासून संरक्षण एवढ्यासाठी ते जपलेले होते. पण वर्षांमागून वर्षे एकाच पत्त्यावर, एकाच आडनावाखाली एक बाई आणि एक पुरुष नोंदले गेल्याने सहवासाचा असा दस्तऐवज तयार झाला, जो गावातल्या कोणत्याही पाटाला मिळाला नव्हता. यादृष्टीने पाहता झोपडपट्टीतल्या बाईने शिधापत्रिकेत आपले नाव लावून घेण्यासाठी घातलेले हेलपाटे हे कायद्याच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहेत.

गृहीतक जिथे अपुरे पडते तिथे न्यायालयांनी निरनिराळ्या वाटा शोधल्या, आणि त्या एकमेकींशी नेहमी जुळत नाहीत. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवले की पहिले लग्न कायम असताना विवाह झालेली स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकत नाही, तिला पहिल्या लग्नाची माहिती नव्हती हे खरे असले तरी. २०१३ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच प्रकरणात, त्याच न्यायालयाने ज्या स्त्रीला फसवून विवाह केला तिला पोटगीपुरती पत्नी मानले, कारण पहिले लग्न लपवणाऱ्याला त्याच लपवाछपवीचा फायदा देता येत नाही. मधल्या काळात, २००३ साली, न्या. मलिमठ समितीने दीर्घकाळ पत्नीप्रमाणे राहिलेल्या स्त्रीचा या कलमात समावेश करण्याची शिफारस केली होती, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने 'विवाहासारख्या नात्यातील' स्त्रीला संरक्षण दिले, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मलिमठ समितीच्या वाटेने जाणारी दुरुस्ती सुचवणारा प्रस्ताव मंजूर केला. त्याचा कायदा झाला नाही. हे सगळे पोटगीविषयी आणि घरातल्या छळाविषयी, म्हणजे पुरुष जिवंत असतानाचे. तो कामावर मेल्यावर काय, या प्रश्नाला या उदारतेचा स्पर्श फारसा झालेला नाही.

मृत्यूनंतरच्या पैशांबाबतचे निर्णय पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. २००० साली बिहारमधल्या एका सरकारी नोकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नाकारले, पण तिच्या मुलांना वाटा दिला, कारण हिंदू विवाह कायद्याचे कलम १६, विशेषतः १९७६ च्या दुरुस्तीनंतर, अवैध विवाहातल्या मुलांना औरस मानते. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने सोलापूरच्या एका शासकीय शिपायाच्या दुसऱ्या बायकोचा निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला. १९९६ साली तो वारल्यावर दोन्ही बायकांनी आपसात समजुतीने ठरवले होते की निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग पहिलीने घ्यावा आणि मासिक निवृत्तिवेतन दुसरीला मिळावे. ज्या दोन स्त्रियांना एकमेकींच्या वैरिणी समजण्याची समाजाची रीत आहे त्यांनी न्याय्य वाटणी स्वतःच केली होती, पण पहिलीच्या मृत्यूनंतर ती समजूत कायद्यापुढे टिकली नाही. याच्या उलट बाजूला २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय आहे. मध्य प्रदेशातल्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या माणसाने दुसऱ्या बाईला आपली नामनिर्देशित वारस केले होते, तिच्यापासून त्याला चार मुले होती. न्यायालयाने तिचा विवाह वैध मानला नाही, तरीही वारसा दाखला तिच्या नावे ठेवला, आणि पहिल्या पत्नीचा एक-पंचमांश वाटा सुरक्षित केला. न्यायालयाने मनावर घेतले तर दोन्ही घरे सांभाळता येतात हे या निकालाने दाखवून दिले.

भरपाईच्या कायद्यात कलम १६ चा परिणाम विलक्षण होतो. दुसऱ्या बाईची अज्ञान मुले औरस म्हणून पहिल्या श्रेणीत येतात, आयुक्त त्यांच्या नावे रक्कम गुंतवतो, आणि ती बाई त्यांची पालक म्हणून त्याच कार्यालयात हप्त्याहप्त्याने मुलांच्या खर्चापुरते पैसे मागायला येते. तिच्या स्वतःच्या नावे मात्र काही नसते. निपुत्रिक बाईला तर तेवढाही दरवाजा उघडा नाही. दुसऱ्या बाजूला, पंधरा वर्षांपूर्वी टाकलेली गावची बायको, जिला मुंबईहून कधी एक रुपयाही गेला नाही, ती अवलंबून होती का हे न विचारता विधवा म्हणून वाटेकरी होते. तिचा हा हक्क काढून घ्यावा असे कोणीही म्हणू नये, कारण टाकलेपणाची शिक्षा तिने आधीच भोगलेली आहे. योग्य मार्ग वाटणीचा आहे, आणि त्यासाठी लागणारा अधिकार कायद्याने आयुक्ताला शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. यादीतल्या श्रेणींमध्ये, मृताच्या कमाईवर खरोखर अवलंबून असलेली आणि पत्नीप्रमाणे राहिलेली स्त्री एवढी एक ओळ वाढवली असती, तर दोघींना समोर बसवून आयुक्ताला न्याय करता आला असता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या अविवाहित सहचारिणींनाही कुटुंबभत्ता दिला होता. सैनिकाचे घर कोणाच्या हातांनी चालते एवढेच त्याने पाहिले होते.

रक्कम वाढत गेली तसा हा वाद अधिक तीव्र झाला. १९८४ च्या दुरुस्तीने ठरावीक कोष्टकाऐवजी वेतनाची टक्केवारी आणि वयानुसार गुणांक यांची पद्धत आणली, १९९५ साली टक्केवारी चाळिसावरून पन्नासावर गेली, २०१० पासून किमान रक्कम १,२०,००० रुपये झाली आणि कायद्याच्या नावातला 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आला. हिशेबात धरायच्या मासिक वेतनाची मर्यादा २०२० साली ८,००० वरून १५,००० रुपये झाली. त्यामुळे महिना १५,००० किंवा अधिक मिळवणारा तीस वर्षांचा कामगार वारला तर निम्मे वेतन ७,५०० आणि गुणांक २०७.९८ या हिशेबाने १५,५९,८५० रुपये देय होतात. जिथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, तिथे एकरकमी भरपाईऐवजी आश्रितांना मासिक लाभ मिळतो, आणि विधवेचा तो लाभ तिने पुनर्विवाह केला की थांबतो. ज्या समाजांत विधवेने पाट लावणे हे शहाणपणाचे आणि सन्मानाचे मानले गेले, तिथल्या तरुण विधवेला हा नियम नवा संसार उघडपणे न मांडण्याकडे ढकलतो, आणि अशा रीतीने नोंद नसलेल्या सहवासाची पुढची पिढी कायदा स्वतःच निर्माण करतो. महापालिकेच्या सफाई कामगारांच्या बाबतीत पैशांबरोबर नोकरीही पणाला लागते, कारण लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी घेतले जाते, आणि वारस कोण हे ठरवताना पुन्हा लग्नाच्या कागदापाशी येऊन थांबावे लागते. कंत्राटी सफाई कामगारांना तर तेही लागू नसे; कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईतले २,७०० कंत्राटी कामगार कायम झाले तेव्हा कुठे त्यांच्या घरांना वारस म्हणून काही मागण्याचा अधिकार आला.

चेंबूरलगतच्या गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी गृहनिर्माण संस्थेची मैलाटाकी साफ करताना तीन मजूर गुदमरून मेले. हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा प्रत्येक मृत्यूबद्दल १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला होता. ती रक्कम २०२३ साली ३० लाख करण्यात आली. तीन मजुरांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने काम खासगी संस्थेचे असले तरी ही प्रथा निपटून काढण्याचे कर्तव्य राज्याचे आहे या आधारावर प्रत्येकीला १० लाख रुपये देण्याचा आदेश मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना दिला. मालक कोण हा जुना अडसर न्यायालयाने तिथे ओलांडला. आश्रित कोण याविषयीचा अडसर ओलांडण्याची संधी संसदेला सामाजिक सुरक्षा संहिता २०२० करताना मिळाली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या या संहितेने १९२३ चा कायदा स्वतःत सामावून घेतला, औरस मुलांच्या शेजारची दत्तक मुलांची जागा कायम ठेवली, आणि आश्रितांच्या पहिल्या ओळीत 'विधवा' हा शब्द होता तसाच ठेवला. मृताच्या घरी पत्नीप्रमाणे राहिलेल्या पण विवाह सिद्ध न करू शकणाऱ्या स्त्रीचा उल्लेख तिच्यातही नाही, त्यामुळे माहुलच्या किंवा देवनारच्या कंत्राटी मजुराच्या मागे राहिलेल्या अशा बाईला आजही शिधापत्रिका, मुलांचे शाळेचे दाखले आणि शेजाऱ्यांच्या साक्षी यांवरच आपला दावा उभा करावा लागतो.